डोळे चोळणं कमी झालंय

दवाखान्यातल्या बाकावर माझ्यासमोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजींचे हात कापत होते, म्हणून आजोबांनीच पिशवीतून नाकाचा स्प्रे काढला, हलवला आणि त्यांची हनुवटी हलकेच खाली केली. "जोरात ओढू नकोस, नुसता श्वास घे," म्हणत त्यांनी नळी जराशी बाहेरच्या बाजूला वळवून दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा मारला.

"आठ दिवस झाले, काही फरक नाही," आजी कुरकुरल्या.

"कसा नाही? तुझं डोळे चोळणं कमी झालंय. परवापासून बघतोय मी."

आजींनी आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

मला एकदम थकल्यासारखं झालं. बदलीच्या गावी मी एकटा राहतो. सकाळी उठल्यापासून शिंका, गळणारं नाक, खाजणारे लाल डोळे. या अ‍ॅलर्जीवर डॉक्टरांनी हाच स्प्रे मलाही दिला होता; मी तो तीन दिवसांत सोडून दिला. हे औषध सावकाश काम करतं, आणि असं सावकाश आलेलं बरेपण आपलं आपल्याला दिसत नाही. त्रास तेवढा लगेच कळतो. बरं होतंय हे सांगायला बहुधा शेजारी कुणीतरी लागतं.

माझा नंबर आला.

"स्प्रे रोज मारताय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

औषधाचा उपयोग होत नाही, असं सांगायचं ठरवून आलो होतो. तोंडून निघालं, "कंटाळलोय हो, डॉक्टर. सगळ्यालाच."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.