पुडीतला खिजाब

माझ्या थोरल्या भावाचे केस तिशीच्या आतच पिकायला लागले, आणि त्याला मीच कारण, असं आई म्हणायची. ती ते हसत म्हणायची. वडील गेले तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो. दादाने नांगर धरला, गावतळ्याचं पाणी सोडण्याचं वडलांचं काम अंगावर घेतलं, बहिणीचं लग्न लावलं आणि मला शिकायला गोंदियाला ठेवलं. या सगळ्यात त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं. मी मॅट्रिक होऊन गोंदियात एका राइस मिलमध्ये हिशेबनीस म्हणून लागलो, तोवर त्याचं डोकं अर्ध्याहून अधिक पांढरं झालं होतं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली होती. चिचगडकडच्या एका घरातून दादासाठी सोयरीक आली. मध्यस्थ आमच्याच नात्यातला, तोंडाचा फटकळ. तो आईला म्हणाला की घर चांगलं आहे, शेती तळ्याखालची आहे, पोरगा राबणारा आहे, सगळं त्यांना पसंत आहे. पण मुलीचा मामा बघायला येणार आणि तो या डोक्याकडे पाहून म्हणणार की हा नवरदेव आहे की नवरदेवाचा बाप. तेव्हा गोंदियाला न्या आणि केस काळे करून आणा.

आईला वाटत होतं की लोखंडी कढईत आवळा आणि माका रात्रभर भिजवून लावावा, तिचे वडील लावत. मी हसलो. त्याने रंग चढायला दोन महिने लागतील, पाहुणे तर मंगळवारी येणार, असं मी सांगितलं. गोंदियात स्टेशनजवळ एक सलून होतं, मोठे आरसे आणि फिरती खुर्ची असलेलं. दारावर हिंदीत लिहिलं होतं, बाल काले किये जाते हैं. मी आईला म्हटलं, तिथे करून घेतो, काळजी करू नको.

शनिवारी मिलमधून सुटल्यावर मी सलूनात जाऊन विचारलं. तीन रुपये लागतील, आणि आधी एक दिवस येऊन कानामागे थेंबभर लावून जायचं, अंगाला मानवलं तर दुसऱ्या दिवशी सगळं डोकं करू, असं त्याने सांगितलं. तीन रुपये मला फार वाटले. त्याच आठवड्यात मी स्वतःसाठी नवे जोडे घेतले होते. पाहुण्यांसमोर नवरदेवाचा शिकलेला भाऊ म्हणून मिरवायला ते हवे होते. पगारातले थोडेच पैसे उरले होते. शेजारच्या दुकानात खिजाबाची, म्हणजे केसांच्या कलपाची, पुडी दहा आण्यांना मिळत होती. मी पुडी घेतली.

पुडीच्या मागे बारीक अक्षरांत कृती होती. आधी कानामागे लावून एक दिवस थांबा, हेही तिथे होतं. मी ते वाचलं. वाचलंच नाही असं म्हणून मला सुटता येणार नाही. नाजूक कातडीच्या साहेबलोकांसाठी असेल, असं मनाशी म्हणून मी पुढे गेलो.

रविवारी सकाळच्या मोटारीने दादा आला. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा दुपट्टा. स्टेशनसमोरून जाताना त्याने त्या सलूनाकडे पाहिलं आणि हेच का ते, असं विचारलं. मी म्हटलं, आज तिथे फार गर्दी आहे, घरीच करू, औषध तेच असतं. गर्दी नव्हती. खुर्ची रिकामी होती आणि ती आम्हा दोघांनाही दिसत होती. तो माझ्या मागून चालत राहिला.

माझ्या भाड्याच्या खोलीमागच्या अंगणात त्याला पाटावर बसवलं. वाटीत पूड कालवली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने त्याच्या डोक्याला थापली. मला हात कुठे आवरायचा ते कळत नव्हतं. कपाळावर, कानांवर, मानेवर काळं ओघळलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, चुरचुरून राहिलं गा. मी म्हटलं, रंग चढून राहिला म्हणून. तो डोळे मिटून बसला. धुतल्यावर केस खरोखर काळे झाले होते. मी त्याला आरसा दाखवला. त्याने आरशात पाहून एकदा मान हलवली आणि मग खूप वेळ आरसा खाली ठेवला नाही. दादाला आपण देखणे दिसतो की नाही याची फिकीर असेल, हे माझ्या तोवर कधी मनातही आलं नव्हतं.

संध्याकाळच्या मोटारीने आम्ही गावी निघालो. सोमवारी त्याचं डोकं खाजत होतं. मंगळवारी सकाळी आईने मला हाक मारली. दादाचं तोंड ओळखू येत नव्हतं. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या, कान जाड झाले होते, केसांच्या कडेने कातडी ओली होऊन पाझरत होती. जिथे काळं ओघळलं होतं तिथले डाग घासूनही गेले नव्हते. पाहुण्यांची बैलगाडी पहाटेच निघाली असणार. त्यांना थांबवायला कोणाला धाडण्याइतका वेळ उरला नव्हता.

आईने हळद-तेल लावलं. दादाने डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि मला आत बोलावून म्हणाला, "त्याइनं पुसलं तं खरं सांगून टाकजो, बापू. केस काळे केले होते म्हनून सांग. त्यात का चोरी हाये?"

मी हो म्हटलं.

मुलीचा मामा चांगला धिप्पाड गडी होता. डोक्यावर टोपी, टोपीखाली दाट काळेभोर केस, बोलणं रोखठोक. त्याच्याबरोबर आणखी दोघे होते. आल्या आल्या त्याने तळं कोणी बांधलं, पाणी कुठवर पोचतं, धान किती झालं, सगळं विचारलं. माझ्या शिक्षणाची चौकशी केली. मी नव्या जोड्यांतले पाय जरा पुढे घेऊन बसलो होतो. तेवढ्यात दादा बाहेर आला.

मामा त्याच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "तोंडाले का झालं?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठही सुजले होते, त्याला बोलायला वेळ लागला असता. त्या क्षणी माझ्या डोक्यात दादाचा विचार नव्हता. खरं सांगितलं तर विचारतील, कोणी लावलं? मग या शिकलेल्या भावाने दहा आण्यांची पुडी आणून नवरदेवाचं तोंड सुजवलं, हे दोन्ही गावांत होईल. मी म्हणालो, "मोहोळ उठलं काल. तळ्याच्या पाळीवर."

दादाने मान खाली घातली. भाऊ खोटं बोलतो आहे हे चारचौघांत सांगणं त्याच्याने झालं नसतं. मला ते माहीत होतं आणि मी त्याच्याच भरवशावर बोललो होतो.

मामाने त्याला दुपट्टा सोडायला सांगितलं. उजेडात कान पाहिले, मानेवरचे काळे डाग पाहिले, कपाळावरची ओली कातडी पाहिली. मधमाशीचा डंख कसा असतो हे त्या जंगलातल्या माणसाला मी शिकवणार होतो! तो मागे सरून बसला. आईने आणलेले पोहे तिघांनीही हातात घेतले नाहीत, चहा तसाच राहिला, आणि उन्हं चढतील म्हणून ते उठले.

त्यांचा निरोप मध्यस्थाने आणला. तो नेहमीसारखा फटकळ बोलला नाही, खालच्या आवाजात बोलला. त्यांचं म्हणणं होतं की पोराचं रक्त खराब आहे. आमच्या भागात या शब्दांचा अर्थ लहान पोरालाही कळतो. महारोगाचं नाव तोंडाने कोणी घेत नाही. मी तेव्हाही त्याला खरं सांगू शकलो असतो. तो गेला असता, त्यांना समजावलं असतं. पण आता खरं सांगायचं तर आधी खोटं बोललो हेही सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, गेली तर गेली, दुसरी येईल.

दुसरी आली नाही. सूज आठवडाभरात उतरली, पण कपाळावर आणि कानांपाशी पांढुरके चट्टे राहिले, ते वर्षभर गेले नाहीत. बोलणं तेवढ्यात सगळीकडे फिरलं होतं. सडक अर्जुनीच्या बाजारात कोणी आमच्या घराची चौकशी केली, की कोणीतरी त्याला बाजूला घ्यायचं. दोन ठिकाणी बोलणं सुरू होऊन तुटलं. मग आईने विषय काढणं सोडलं. पुढे माझं लग्न झालं. हळदीच्या दिवशी दादाने स्वतःहून लांब उभं राहायचं ठरवलं, मुलीकडच्यांना शंका नको म्हणून. मी त्याला जवळ बोलावलं नाही.

आणे जाऊन नवे पैसे आले त्यानंतरची गोष्ट. मी दाढी करायला त्याच स्टेशनजवळच्या सलूनात गेलो होतो. शेजारच्या खुर्चीत गळ्याभोवती कापड बांधलेला एक धिप्पाड माणूस डोक्याला काळं थापून बसला होता. मी आरशातूनच त्याला ओळखलं, तो मुलीचा मामा होता. त्याने मला ओळखलं नाही. मी उठून त्याच्याजवळ गेलो आणि कोण ते सांगितलं. तो सावरून बसला आणि दादाची तब्येत विचारली, जपून, आजारी माणसाची विचारतात तशी.

मग मी त्याला सगळं सांगितलं. पुडी, ब्रश, मोहोळ. आधी तो हसला. मग हसायचा थांबला. सलूनवाला म्हणत होता, हिलिये मत भैया, तरी तो पूर्ण माझ्याकडे वळला.

"मंग तवा काऊन नाई सांगितलं?" तो म्हणाला. "मी तं इथूनच लावून गेलो होतो तुमच्या घरी. आठ दिसानं फिरून आलो असतो ना गा, पाहाले."

त्याची भाची बालाघाटकडे दिली होती. तिला तीन पोरं होती. हे सांगून तो पुन्हा आरशाकडे वळला.

त्या शनिवारी मी गावी गेलो. दादा तळ्याच्या पाळीवर होता. खालच्या धानाला पाणी सोडायचं होतं, म्हणून तुडुमाची, म्हणजे तळ्याच्या मोरीची, खुंटी काढायला तो दगडी पायऱ्यांवर उतरला होता. डोकं पूर्ण पांढरं, त्यावर ऊन. मी वरच्या पायरीवर बसलो आणि मामा भेटल्याचं सांगितलं. तो काय म्हणाला तेही सांगितलं. सलून त्या दिवशी रिकामं होतं, तेही सांगितलं.

दादाने खुंटीवरचा हात काढला नाही. मग त्याने विचारलं, "सलूनवाला किती मांगत होता?"

"तीन रुपये."

"तेवढे तं होते माह्यापाशी," तो म्हणाला. "मोहफुलं इकून आनले होते. त्याच्याचसाठी."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

"तू म्हनला घरी करू. म्हटलं, शिकलेला हाये, याले समजते."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होतो, कारण राग असता तर मला काही उत्तर देता आलं असतं. त्याने खुंटी उपसली. पाणी खाली पाटात धावलं, आणि धानाच्या कुठल्या बांधीला, कुठल्या तुकड्याला आधी द्यायचं ते पाहायला तो पाटाच्या कडेने चालू लागला. मी पायरीवरच बसून राहिलो. पायात जोडे होते, ते काढून हातात घेतले आणि मग त्याच्या मागे गेलो.