लाल नको, उन्हाळ करा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी दाढी करताना कापलं तरी जाऊन दाखवतो.

देवळाली कॅम्पात घरी बसून मी डिझाइनची कामं करतो. लेबलं, पाकिटं, दुकानांच्या पाट्या. काम घेण्याआधी हा माणूस किती बारीकसारीक विचारतो, म्हणून हल्ली लोक माझं कौतुक करतात. विचारतो खरा. ही सवय लागली कशी, ते मात्र कुणी विचारत नाही.

देवळ्याच्या मनीषाताई घरचं कांद्याचं बियाणं पाकिटातून विकायला निघाल्या होत्या. सासऱ्यांची फार मनधरणी केली, तेव्हा कुठे ते ‘बघ करून’ म्हणाले होते. हे त्यांनी मला पहिल्याच फोनवर सांगितलं, हसत. पाकीट कसं हवं, यावर मात्र एकच वाक्य: ‘लाल नको बरं का दादा, उन्हाळ करा.’

आता गंमत बघा. लाल कांदा वेगळा आणि उन्हाळ कांदा वेगळा, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं. मग मला ते रंगाबद्दल का ऐकू आलं? डोक्यात सदानकदा रंगच, म्हणून? मी पिवळंधमक पाकीट केलं, कोपऱ्यात तळपता सूर्य, आणि मधोमध एक देखणा कांदा — गडद लाल. ‘उन्हाळ’ हा शब्द कुठेच नाही. नक्की काय हवंय ते विचारावं, असं एकदा मनात आलं होतं. नाही विचारलं. अडाणी दिसेन म्हणून? की केलेलं मलाच फार आवडलं होतं? मला अजून उलगडलेलं नाही. छापण्याआधी दाखवतो म्हणालो होतो — तेही नाही. थेट छापखान्यात.

कांद्याचं बी सगळं काळंच दिसतं. कुठल्या कांद्याचं, ते पाकिटानं सांगायचं असतं. त्यांचं पाकीट सांगत होतं लाल, आत होतं उन्हाळ, आणि दोन्हींची पेरणी वेगवेगळ्या हंगामात. गावात ताईंचं हसं झालं.

सासऱ्यांचा फोन आला. स्पीकर चालू असावा, मागे ताईंचा आवाज येत होता. ‘छापायच्या आधी हे कुणाला दावलं व्हतं का?’ एवढंच त्यांनी विचारलं. आणि मी म्हणालो — हो, ताईंना पाठवलं होतं, त्यांनी ओके केलं, मगच छापलं.

‘थांबा, मोबाईलमधी बघते,’ मागून ताई म्हणाल्या.

खोटं बोलायला आधी काहीतरी ठरवावं लागतं, असं मला वाटायचं. तसं काही लागत नाही. ‘इथून पुढं काय असंल ते मला विचारायचं,’ सासरे म्हणाले, ‘तिला नाय.’ बियाण्याचं काम त्यांनी धाकट्या मुलाकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. आता झाडणार म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्या म्हणाल्या, ‘दादा, मोबाईलमधी लय शोधलं, सापडत नाय. माझ्याकडूनच घाईत बघायचं राह्यलं असंल. तुम्हाला उगा बोलणी खावी लागली.’

तेव्हा तरी सांगता आलं असतं, नाही का?

मी म्हणालो, ‘असू द्या ताई, होतं असं कधीकधी.’ अगदी मायेनं म्हणालो. त्यांनी माझे आभार मानले आणि फोन ठेवला.