माझं टेबल आणि सायलीचं मशीन

आमच्या लॅबचे किस्से नुसते साठत जातात, कारण ते सांगायचे कुठे? लग्नाच्या पंगतीत कोणी विचारतं, "मंदाताई, तुम्ही नक्की काय करता हो?" समोरच्याच्या हातात जिलेबी असताना काय सांगणार, कपाळ! मी वसई पूर्वेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं लोकांची शी तपासते. घ्या, सांगितलं एकदाचं!

*

नंदाखाल गावचे एक बागायतदार आजोबा होते. आम्ही दिलेली डबी त्यांना फारच लहान वाटली. दुसऱ्या दिवशी सँपल केळीच्या पानात छान बांधून, वर सुतळीची गाठ मारून घेऊन आले. रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं, वाडीतला खाऊ आणलाय. "थँक्यू हं आजोबा!" म्हणत तिने पुडी आमच्या जेवणाच्या डब्यांशेजारी ठेवली.

दुपारी ती सोडली मी! माझी किंचाळी रस्त्यापर्यंत गेली. त्या दिवशी लॅबमध्ये कोणी जेवलं नाही.

*

यंदा आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, पीसीआर मशीन आणलं. जंतूचा डीएनए ओळखणारं. सोबत ते चालवायला सायली आली, नुकतीच एमएस्सी झालेली.

डॉक्टर म्हणाले, "महिनाभर प्रत्येक सँपल दोन्हीकडे जाईल. मंदाताई मायक्रोस्कोपखाली बघतील, सायली मशीनवर लावेल. मशीन सरस ठरलं तर हे टेबल बंद. ताई, तुम्ही कलेक्शन काउंटरला."

मी हादरलेच. बावीस वर्षं डोळे फोडले आणि आता डब्या वाटू?

पहिल्याच आठवड्यात एक कॉलेजची मुलगी आली. चिंचोटीच्या धबधब्यावर गेली होती, तिथलंच पाणी प्यायली, पोट बिघडलं. मी तीन स्लाइड बघितल्या. काही नाही!

"ताई, जिआर्डिया आहे," सायली हळूच म्हणाली.

"शक्यच नाही!"

हा परजीवी रोजच्या रोज शीमध्ये सापडेलच असं नसतं, हे मला काय माहीत नव्हतं? पण माज नडला. तिसऱ्या दिवशीच्या सँपलमध्ये मिळाला मला, डोळे वटारून माझ्याकडेच बघत होता मेला!

*

मग आले एक कोळी काका. चार वर्षं दर वेळी माझ्या रिपोर्टात 'अमिबा', दर वेळी गोळ्या, आणि खाण्यावर बंधनं. मशीन म्हणालं, हा रोग करणारा अमिबा नव्हेच! त्याचा निरुपद्रवी भाऊ आहे. मायक्रोस्कोपखाली दोघांच्यात फरकच दिसत नाही.

डॉक्टरांनी काकांना समजावून सांगितलं.

"म्हंजे चार वर्सं मी सुकटीला हात नाय लावला, त्ये उगाच?"

चारही वर्षांच्या रिपोर्टांवर सही माझी. मला तिथेच रडू फुटलं.

"रडतेस कशाला बाय?" काका म्हणाले. "जा, सुकट घेऊन ये!"

*

त्यानंतर वालीवच्या वर्कशॉपमधला एक कामगार. पांढराफटक पडलेला, अंगात रक्त नाही. मशीन म्हणालं, सगळं निगेटिव्ह. मी बघते तर रक्त पिणाऱ्या हुकवर्म जंताची अंडीच अंडी!

"पण ताई, आपल्या पॅनेलमध्ये हुकवर्म नाहीच आहे," सायली म्हणाली. "ज्यांना शोधायला सांगितलंय, तेवढेच मशीन शोधतं."

मी थक्क! "अगं, म्हणजे यादीत नाव नाही म्हणून चोराला घरात घेणार?"

डॉक्टर मात्र म्हणाले, "एखाद्या केसवरून काय ठरतं?"

*

महिन्याचा शेवटचा दिवस. "उद्यापासून काउंटर, मंदाताई," डॉक्टर माझ्याकडे न बघताच म्हणाले.

त्या दिवशी एका कॅन्टीनवाल्याचं सँपल होतं. त्याला कॅन्टीन चालवायला लागणारं फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. आमचं रोजचं जेवणही त्याच्याकडूनच यायचं आणि डॉक्टर त्याच्या उसळीवर फिदा. मशीनवर सगळं निगेटिव्ह. सर्टिफिकेट तयार, डॉक्टरांनी पेन उघडलं.

मी सवयीने स्लाइडवर आयोडीनचा थेंब टाकला. सगळं निळंकाळं! नुसतं पीठच पीठ, त्यात हळद. आणि बॅक्टेरिया? एक नाही! माणसाच्या पोटातून आलेल्या वस्तूत एकही बॅक्टेरिया नाही?

"डॉक्टर, सही करू नका!" मी ओरडले. "हे पिठलं आहे!"

मशीन खोटं बोललं नव्हतं. पिठल्यात परजीवी नव्हतेच!

कॅन्टीनवाल्याला बोलावलं, तर त्याने हातच जोडले. "साहेब, महिना झाला पोट बिघडलंय. सर्टिफिकेट नाही मिळालं तर माझं कॅन्टीन जाईल."

"आधी औषध घे, बरा हो, मग देतो सर्टिफिकेट," डॉक्टर म्हणाले आणि खरं सँपल मागवलं. अमिबा मला दिसला. तो रोग करणाराच आहे, हे सायलीच्या मशीनने सांगितलं. मग आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. महिनाभर त्याच्याच हातचं जेवलो होतो! आणि डॉक्टरांनी तर त्या दुपारी उसळ दोनदा घेतलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावरचं सामान आवरायला लवकर गेले. बघते तर डॉक्टर माझ्या आधीच तिथे, माझ्या टेबलापाशी उभे. हातात रुमालात गुंडाळलेली डबी.

"मंदाताई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे आधी तुम्ही बघा. मग मशीनवर लावू."