चूक सापडेना

बोरिवलीत चर्चजवळ एक म्हातारे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळ ख्रिस्ती, टेलर होते. मुलीचा फ्रॉक शिवून घ्यायला मी गेले, तेव्हा खडू कानामागे खोचत ते म्हणाले, “घाई असेल तर समोरच्याकडे जा, ताई. त्याच्या हाताला माझ्यापेक्षा सफाई आहे.”

धंद्यातला माणूस असं बोलतो? मी विचारलंच.

मशीन थांबवून ते सांगू लागले. समोरचं दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक तिकडे वळलं. मग ‘तो कापड चोरतो’ असं यांनी खोटंच पसरवलं. “रविवारी चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या रांगेत उभा होतो, आणि डोळे पुढच्या मुलीच्या, त्याने शिवलेल्या फ्रॉकमध्ये चूक शोधत होते. चूक सापडेना, तर मला देवाचाच राग आला. तेव्हा घाबरलो. त्याचं दुकान चालूच होतं, माझी मात्र प्रार्थना गेली होती.”

रांग सोडून ते तसेच त्या टेलरच्या घरी गेले. खोटं बोलल्याचं कबूल केलं, माफी मागितली.

“केलं त्याने माफ?”

“नाही. अजून बोलत नाही माझ्याशी,” माझं कापड टेबलावर पसरत ते म्हणाले. “त्याच्यासाठी प्रार्थना करतो रोज. आधी नुसते ओठ हलायचे. आता मनापासून होते.”