मोळी घेऊन नागपूरला: वाकड्या लाकडाच्या मशीनची गोष्ट

नागपूरला जाताना लोक पिशवीत लुगडं-चोळी घेतात, फार तर देवासाठी नारळ. मी जळाऊ लाकडांची मोळी घेतली. उमरेडच्या ठेसनावर माणसं वळून वळून पाहत होती. पाहा म्हटलं, फुकट आहे!

कारण असं. माझे मालक वारल्यापासून आमची जळाऊ लाकडं विकायची टाल मी चालवते. यंदा जंगलखात्याच्या साहेबाने मोठी झाडं तोडायला बंदी केली. आम्हा टालवाल्यांना मिळणार फक्त विरळणीचं लाकूड, म्हणजे दाटीतून काढलेल्या मनगटाएवढ्या वाकड्यातिकड्या फांद्या. कुऱ्हाडीने त्यांचे तुकडे करता करता माणसांचे हात गळून जातात. मशीन घेतल्याशिवाय टाल टिकणार नव्हती. पण माझे धाकटे दीर चार माणसांसमोर म्हणाले, "वहिनी, मशीन पसंत करनं बायकांचं काम नोहे. तुमच्या मनानं घेतली अन् फसली, तर टाल मी चालवीन. तुमी घरात बसा." अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मीही तिथेच म्हटलं, "मंजूर! अन् नागपूरले तुमी पन चला, डोळ्यानं पाहा."

उमरेडहून नागपूरच्या इतवारी ठेसनाला छोट्या रुळांची गाडी जाते. तुम्ही जाणार असाल तर सकाळचीच धरा, दुपारी डब्याची भट्टी होते. तिकीटबाबूने मोळीचं वेगळं भाडं मागितलं.

"बाई, नागपुरात लाकडं भेटत नाही का?"

"भेटतात. माही भेटत नाही."

दीर खिडकीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने दबक्या आवाजात म्हणाले, "काहून इज्जत घालवून राहिल्या जी?"

"भाऊजी, मडकं घेताना आपन वाजवून घेतो. टालीवर बाया येतात त्या काडी गुडघ्यावर मोडून पाह्यतात, वाळली दिसली तरच मोळी उचलतात. मंग मशीन काय देवानं पाठवली, का तपासू नये?"

इतवारीत धर्मशाळेत उतरलो. खोलीला भाडं नाही, पेटीत जमेल ते टाकायचं. अंथरूण आणि भांडी मात्र आपली न्या. चुलीसाठी दीर माझ्या मोळीतलं लाकूड ओढायला लागले, तर मी त्यांना जवळच्या महाल भागातल्या टालीवर पिटाळलं. टालवाल्यांनी दुसऱ्याच्या टालीवरून लाकूड विकत आणायचं! चडफडत गेले बिचारे. पण त्या लाकडावर झुणका असा झाला, की दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी टांग्याने सीताबर्डीला गेलो. टांगेवाला पहिल्यांदा सांगतो त्याच्या निम्म्यावर येतो, घाई करू नका. दिरांनी हेरलेलं दुकान मोठं थाटाचं होतं. मशीनही तशीच: भलंमोठं गोल पातं, तेलाचं इंजन, हिरवा रंग. दुकानदाराने कडुनिंबाचा सरळसोट ओंडका लावला. घर्रर्र करून एका दमात दोन तुकडे! दिरांचा हात विसार काढायला खिशात गेला.

"थांबा," म्हटलं आणि मोळी सोडली. "आता हे कापा."

वाकडी फांदी पात्याला लागली मात्र, गर्रकन फिरली, उडाली आणि मागच्या पत्र्यावर जाऊन आदळली. दुसरी फांदी तर दुकानदाराच्या हातातूनच निसटली. नाव मोठं, लक्षण खोटं!

दुकानदार घाम पुसत म्हणाला, "बाई, लाकूड जरा सरळ आना ना."

"जंगलाले सांगू का, सरळ उगवत जा म्हनून?"

उरलेली लाकडं बांधली आणि निघाले. त्या दिवशी आणखी दोन दुकानं पालथी घातली. एकाने मोळी बघूनच हात जोडले. दुसऱ्याने आधी दिरांशी बोलायचं म्हटलं, तशी मी उठलेच.

कापूस बाजाराजवळच्या दुकानात मात्र कोपऱ्यात इंजनाच्या पट्ट्यावर चालणारी एक ठेंगणी मशीन होती. पातं लहानसं, आणि त्याच्यापुढे झोपाळ्यासारखी हलणारी लोखंडी चौकट. फांद्या एकेक धरायच्याच नाहीत. जुडीच्या जुडी चौकटीत ठेवायची, वरून दांडा दाबायचा आणि चौकट पात्यावर ढकलायची. मी माझी वाकडी लाकडं ठेवली, ढकललं. खचकन सगळी एकदम तुटली, चुलीत मावतील अशी. पुन्हा ठेवली, पुन्हा तुटली. एकही उडाली नाही.

"हे खेळनं घेऊन गावात जाऊ?" दीर म्हणाले. "हसतील लोक."

"हसू द्या. लोकांच्या हसन्यावर टाल चालते का?"

आणि मी विसार दिला. नोटा दोनदा मोजल्या, खोटं कशाला बोलू? टाल गेली असती तर माझं असं काय उरलं असतं? पण दिला.

तुम्ही अशी मशीन घेतली तर मालगाडीने मागवा. पातं मात्र गोणपाटात गुंडाळून स्वतःबरोबर आणा.

मशीन बसली त्या दिवशी टालीवर सगळी आळी जमली. इंजन सुरू झालं, पट्टा फिरला, आणि सकाळपासून पडलेला ढीग दुपारच्या आत तुकडे होऊन रचला गेला. लोक तोंडात बोटं घालून पाहत होते. तेवढ्यात मागून दिरांचा आवाज आला, "अरे, सारं नागपूर पालथं घातलं, तवा मी हे पसंत केली!"

मी इंजन बंद केलं.

"भाऊजी, या. पुढची जुडी तुमी लावा."

ते पुढे आले. चौकटीकडे पाहिलं, पात्याकडे पाहिलं. एकच फांदी उचलून ती कुठून घालावी ते शोधत राहिले. कोणीतरी खुदकन हसलं. त्यांचे कान लाल झाले.

नागपूरचं काय राहिलं म्हणाल, तर येताना घेतलेली संत्री गाडीतच संपली, दुकानांची नावंही विसरले. राहिली ती टाल, आणि ती माझ्याकडेच राहिली.

"मंग मी काय करू?" दिरांनी हळूच विचारलं.

"जुडी मी लावते," म्हटलं. "तुमी ढकला."

त्यांनी ढकललं.