बिनकानाचा मानाचा कप

चहा घ्या आधी. पुढचं ऐकल्यावर तो घशाखाली उतरेल की नाही, याची मला शंकाच आहे! गाढवपणा कोण करत नाही हो? पण मी केला तो इतका पद्धतशीर, की परदेशाची वाट मी माझ्याच जिभेने बंद केली.

मी तेव्हा सोलापुरात विणकाम शाळेत होतो. एका मंडळाने योजना काढली: जर्मनीचा एक विद्यार्थी वर्षभर इकडे आणि आपला एक तिकडे. नावं दोनच होती, माझं आणि नरसय्याचं. नरसय्या विणकराचा पोरगा, माग त्याच्या हाडात मुरलेला. पण त्याच्या घरात मागामुळे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून पाहुण्याला मी ठेवून घेतलं. म्हटलं, मारली बाजी!

कार्ल आला. पहिल्याच दिवशी त्याने आमच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं आणि वर हसला. आईने मला आत ओढलं.

"ठेव बाबा तुझा साहेब. पण माझ्या भांड्यांना त्याचा हात लागता कामा नये. सांगून ठेवते!"

मग अडगळीतून एक कप निघाला. कान तुटलेला, काठाचा टवका उडालेला. तो राहायचा ओसरीच्या कोनाड्यात. आई हातभर उंचावरून त्यात चहा ओतायची. पिऊन झाला की कप कार्लनेच विसळायचा आणि पालथा घालायचा. असे कप तेव्हा घरोघरी असत, अस्पृश्य म्हणून ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवायचे त्यांच्यासाठी. आम्हाला त्यात वावगं काहीच वाटत नसे.

चौथ्या दिवशी कार्लने इंग्रजीत विचारलं, "माझा कप वेगळा का?"

आता काय सांगणार? जर्मनी डोळ्यांसमोर नाचत होती! म्हणालो, "मानाच्या पाहुण्याचा कप आमच्यात दुसरं कोणी वापरत नाही."

"आणि उंचावरून ओततात ते?"

"अभिषेक! देवाला करतात तसा."

"आणि मीच का धुवायचा?"

"एवढ्या मानाच्या कपाला दुसऱ्याने हात कसा लावायचा?"

त्याचे डोळे पाणावले हो! आणि मी? मी माझ्या हजरजबाबीपणावर खूश. त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

कार्ल रुळला. शेंगाचटणीने नाक-डोळे वाहायचे, तरी "लई झ्याक" म्हणून दुसऱ्यांदा मागायचा. मराठी त्याने भाजीवालीकडून उचलली. संध्याकाळी नरसय्याकडे जाऊन त्याच्या भावांबरोबर एका ताटात जेवायचा. एकदा मला हळूच म्हणाला, "नरसय्या लई चांगला हाय. पण त्याला मान देता येत न्हाय. समद्यांच्याच कपात च्या देतो!"

मी हसलो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वर्ष संपत आलं आणि निवड करायला मंडळाचे साहेब पुण्याहून आले. कोट, फेटा, सोनेरी काड्यांचा चष्मा. नरसय्याच्या घरून ते आमच्याकडे आले. आईने फुलाफुलांची नवी कपबशी काढली. ती आणि किटली मी ओसरीवर नेऊन ठेवली आणि चिवडा आणायला आत गेलो. दोन मिनिटं, जास्त नाही!

बाहेर येऊन बघतो तर फुलांचा कप बाजूला, आणि कार्लच्या हातात कोनाड्यातला तो कप.

"साहेब, त्यात नगं. तुमी लई मानाचे. माझा कप घ्या की! हितं कुणालाच देत न्हाईत ह्यो."

आणि ओतला की त्याने चहा, हातभर उंचावरून! अभिषेक!

साहेब त्या कपाकडे बघत राहिले. रागावले नाहीत. घोट घोट करत सगळा चहा प्यायले. मग उठले, ओसरीच्या कडेला जाऊन कप विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला. पालथा घालायचा, हे त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं.

"साहेब, तुमास्नी म्हाईत हाय!" कार्लने टाळीच वाजवली.

"लहानपणापासून," साहेब म्हणाले. "मास्तरांच्या घरी माझाही असाच मान व्हायचा. फक्त हा मान असतो, हे आज कळलं." मग माझ्याकडे वळले. "यांना हे कोणी सांगितलं?"

मी चिवड्याची बशी पुढे केली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ते गेले. दाराआडून आईने एवढंच विचारलं, "फुलांचा कप बाटला नाही ना रे?"

निवड नरसय्याची झाली. महिनाभर मी कार्लवर चिडलो, मग आईवर, मग साहेबांवर. सगळ्यांची पाळी झाली आणि शेवटी उरलो मीच. माझ्यावर चिडायला अख्खी हयात पुरली नाही बघा.

निघताना कार्लने आठवण म्हणून काय मागावं? तो कप! आई म्हणाली, "ने बाबा, बला टळली." स्टेशनवर वाटलं, आता तरी खरं सांगून टाकावं.

"कार्ल, अरे, त्या कपाचं खरं म्हणजे…"

"म्हाईत हाय की! लई मानाचा. कपड्यांत गुंडाळलाय." आणि त्याने मला कडकडून मिठी मारली. मी त्याची पेटी डब्यात चढवून दिली. खरं तिथेही पोटातच राहिलं!

पुढे तिकडून नरसय्याचं पत्र आलं. कार्लच्या आईने म्हणे काचेच्या कपाटात मधोमध तो कप मांडलाय, आल्यागेल्याला दाखवते.

म्हणून तर कोणी विचारलं, "तुमच्या घरातून परदेशी कोण गेलं हो?" तर मी सांगतो, गेला की! बिनकानाचा होता, टवका उडालेला होता, पण माझ्यापेक्षा लायक निघाला.