पत्र वाचणारीस आशीर्वाद

राजलक्ष्मी धैर्यवान हिला भुताखेतांची भीती कधीच वाटली नव्हती. तिला भीती वाटायची ती अशुद्ध लिहिणाऱ्यांची. सेहेचाळीस वर्षांची, बी.ए. झालेली, फणसवाडीत दोन खोल्यांत एकटी राहणारी बाई. सरकारी दप्तरखान्यात जुने मोडी कागद वाचून बाळबोधीत उतरवायची नोकरी. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर "वेळ झाला नाही" म्हणायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चपला घालून निघायची.

पंचावन्नच्या दिवाळीनंतर तिच्याकडे दादरहून चिंतामणराव आले. हे स्वस्थ मंडळाचे सेक्रेटरी. मंडळ म्हणजे अबोलबुवांचे अनुयायी. बुवा चौलजवळच्या एका वाडीत राहायचे. तिशीत त्यांनी बोलणं सोडलं, ते मरेपर्यंत. जो काही उपदेश तो पत्रांतून, परळ-लालबागच्या गिरणी कामगारांना आणि गिरगावातल्या चार कारकुनांना. प्रत्येक पत्राच्या शेवटी 'स्वस्थ असावे', म्हणून मंडळाचं हे नाव. टवाळ लोक 'स्वस्थ बसा मंडळ' म्हणत. बुवा तेहेतीस साली गेले. आता त्यांची पत्रं घराघरांतून गोळा करून छापायची होती, आणि मोडी येणारं मंडळात कुणी उरलं नव्हतं.

"चैत्र वद्य पंचमीला बुवांची पुण्यतिथी," चिंतामणराव म्हणाले. "त्या दिवशी पुस्तक बाहेर, आणि मूळ पत्रं चौपाटीवर समुद्राला."

"समुद्राला? ती कशासाठी?"

"बुवा तसंच करत. आलेलं पत्र वाचलं की समुद्राला द्यायचे. प्रथा आहे आमची."

"आणि उद्या माझ्या वाचण्यात चूक निघाली तर ताडून कशाशी बघणार?"

"तुमच्या वाचण्यात चूक निघेल कशी, राजलक्ष्मीबाई?"

या वाक्याला ती भुलली. माणूस कशाला भुलेल सांगता येत नाही.

मोडी तिला आईने शिकवली होती, तीही विचित्र तऱ्हेने. आई, यशोदाबाई, ऐन पंचविशीत विधवा झालेली. दीर-जावांच्या घरात मान खाली घालून राहिली. दर शनिवारी दुपारी छत्री घेऊन 'देवळात जाऊन येते' म्हणायची आणि दिवेलागणीला परतायची, एवढीच तिची मोकळीक. आधी डाव्या डोळ्यात फूल पडलं, मग उजवाही गेला. बत्तीस साली पूर्ण आंधळी झाली, आणि त्याच वर्षी तिने हट्ट धरला की राजूने मोडी शिकायचीच. राजूचा डावा तळहात मांडीवर घ्यायचा आणि त्यावर बोटाने अक्षरं काढायची. राजूने ओळखायची.

"रा," राजू म्हणायची.

"री. पुन्हा बघ. सवयीने वाचू नकोस, काढलंय ते वाच."

आई दोन वर्षांनी गेली. शेवटच्या दिवशी तिला बोलवेना. तिने तळहातावर एक लांब ओळ काढली. राजलक्ष्मीने वाचली, 'पत्र वाचणारास आशीर्वाद.' आईने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. भ्रमात आहे असं सगळे म्हणाले. ते तर पत्राच्या शेवटी घालायचं ठरीव वाक्य. ज्याला पत्र जायचं त्याला अक्षरओळख नसायची, वाचून दाखवणारा कुणी तिसराच असायचा. मग लिहिणारा त्यालाही एक आशीर्वाद नाहीतर नमस्कार घालायचा.

बुवांच्या पत्रांतही 'स्वस्थ असावे' नंतर ते होतंच. पहिली चाळीस पत्रं तिने भराभर उतरवली, चाळीस वेळा 'पत्र वाचणारास आशीर्वाद' लिहिलं आणि ती प्रत गिरगावातल्या छापखान्यात जुळाऱ्याकडे पोचती केली. गुणाजी नावाचा हा जुळारी लालबागचा, चाळिशी ओलांडलेला, बोलण्यात मिस्कील. अक्षरांचे शिशाचे खिळे न बघता उचलायचा.

मग एका रविवारी ती परळच्या एका चाळीत पत्र आणायला गेली. दुपारी एकचा सुमार. जिन्यात काळोख होता. चौथ्या पायरीवर तिचा पाय घसरला आणि गुडघा फुटला. वर जाऊन रक्त पुसलं, पाणी प्यायली आणि घरच्यांनी फडक्यातून काढून दिलेलं पत्र तिथेच उघडलं. तारीख एकोणतीस सालची. उपदेशाच्या चार ओळी, 'स्वस्थ असावे', आणि खाली,

'पत्र वाचणारीस आशीर्वाद. जिन्याची चौथी पायरी मोडकी आहे. वाचणारीने जपून चढावे.'

तिने ते दोनदा वाचलं. आता, मालकाने सत्तावीस वर्षं पायरी बदलली नव्हती यात गूढ काही नाही, मुंबईतले सगळे मालक तसेच. पण जन्मात मुंबईत न आलेल्या बुवांना परळचा जिना ठाऊक कसा? आणि 'वाचणारीस'? मोडीत हात न उचलता लिहीत जातात, काना कुठे आणि वेलांटी कुठे हे पुष्कळदा सवयीनेच ठरतं. पण ही वेलांटी होती. चांगली ठसठशीत. आणि ती दिसली त्याच क्षणी तिच्या डाव्या तळहातावरून काहीतरी फिरलं. बोटासारखं.

घरी येऊन तिने चाळीसही पत्रं पुन्हा काढली. सगळीकडे 'री'. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या माणसांना लिहिलेली पत्रं, आणि प्रत्येकात तीच एक वाचणारी. तिला कुठे उन्हात हिंडू नये म्हटलेलं, कुठे उपाशी राहू नये. ही वाक्यं राजलक्ष्मीला आधीही दिसली होती. उपदेशाचंच शेपूट समजून तिने उतरवली होती. एवढी शिकलेली बाई, पण ठरीव वाक्य म्हटलं की डोळा पुढे पळतो.

दिवाळीपासून तिचा डावा डोळा धुरकट झाला होता. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, डॉक्टरलासुद्धा नाही. मंगळवारी भर दुपारी खिडकीशी बसून ती पुढचं पत्र वाचत होती. अक्षर पुसट दिसलं म्हणून तिने डोळा चोळला, आणि ओळ स्पष्ट झाली.

'पत्र वाचणारीस आशीर्वाद. वाचणारीने डावा डोळा चोळू नये.'

तिने हात खाली घेतला, अगदी हळू, कुणी बघतंय असा. वाडीत कुणीतरी मसाला कुटत होतं, नळावर भांडी वाजत होती, स्वच्छ ऊन पडलं होतं. आडनाव धैर्यवान असलं म्हणून काय झालं? तिने सगळी पत्रं ट्रंकेत घातली, कुलूप लावलं आणि ट्रंकेवर पाटा ठेवला. पाटा का ठेवला, हे ती स्वतःलाही सांगू शकली नसती. आठ दिवस तिने मोडी अक्षर पाहिलं नाही, दप्तरखान्यात रजा टाकली.

नवव्या दिवशी गुणाजीच दारात उभा राहिला.

"बाई, मजकूर द्या की. आणि एक सांगायचं राहिलं. माझ्या आईकडे पण बुवांचं एक पत्र आहे. बंद पाकीट."

"बंद? तुम्ही उघडून नाही पाहिलंत?"

"मला कुठली मोडी? आणि आई हात लावू देत नाही. म्हणते, वाचणारी येईल तेव्हाच फोडायचं."

दार लावून घ्यावं असं राजलक्ष्मीला वाटलं. पण कुलूप-पाट्याची तिला आता लाजही वाटायला लागली होती. "येते," ती म्हणाली.

ती निघाली तो जानेवारीतला दिवस होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवरून गोळीबार होऊन गेला होता, शहरात हरताळ चालू होता, ट्रामा बंद. गुणाजीबरोबर ती गिरगावातून लालबागपर्यंत चालत गेली. रस्त्यात विटांचे तुकडे, जळक्या टायरांचा वास, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. लालबागला आयुष्यात ऐकली नव्हती अशी शांतता होती. गिरण्या बंद, भोंगे बंद. एवढ्या चाळी, गॅलऱ्यांत माणसं उभी, आणि कुणी बोलत नव्हतं. बुवांनी सगळ्या गिरणगावाला मौन दिलंय असं तिच्या मनात आलं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

गुणाजीची आई, गंगुबाई, ऐंशीच्या घरातली. खाटेवर बसून होती. राजलक्ष्मी उंबऱ्यात उभी राहिली तशी म्हातारीने डोळ्यांवर हात धरला आणि तिचा चेहरा उजळला.

"इलंस गो बाय? खंय होतंस इतकी वर्सां? आणि छत्री खंय तुझी?"

राजलक्ष्मीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"आये, ह्या दुसऱ्या बाई," गुणाजी म्हणाला.

"गप रे! माका वळाख नाय? दर शनवारी येय. वाची तीच, आणि जबाब पण तीच लिही. ह्या चाळीत, परळात, शिवडीक, सगळ्यांका हीच. घरात सांगू नुको म्हणा." ती राजलक्ष्मीकडे वळली. "डोळ्यातला फूल बरा झाला मगे?"

शनिवार. छत्री. डोळ्यातलं फूल. राजलक्ष्मी आत येऊन खाटेशी बसली.

देवळात जाते म्हणून सांगणारी आई इथे येत होती. या जिन्यांवरून, या खोल्यांतून, प्रभू जातीच्या घरातली विधवा, गिरणी कामगारांना पत्रं वाचून दाखवत होती आणि त्यांची उत्तरं लिहीत होती. त्या उत्तरांच्या तळाशी तीही दोन ओळी आपल्या घालत असणार. पायरीच्या, उन्हाच्या, डोळ्याच्या. विधवेच्या नावाने घरी पत्र आलं असतं तर दिराने ते चुलीत घातलं असतं. म्हणून ती दोघं, आई आणि बुवा, दहा वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांच्या तळाशी एकमेकांशी बोलत राहिली.

गंगुबाईने देवांच्या फळीवरून पाकीट काढलं. आई आंधळी झाल्यावर आलेलं. राजलक्ष्मीने फोडलं आणि मोठ्याने वाचलं.

'गंगूस आशीर्वाद. यापुढे माझे पत्र येणार नाही. स्वस्थ असावे. पत्र वाचणारीस आशीर्वाद. तिचे डोळे गेले असे कळले. मुलीस मोडी शिकवावी म्हणून मागे लिहिले होते, शिकवली असेल. तर हे वाचते आहे ती मुलगी. तिने घाबरू नये.'

राजलक्ष्मीचा डावा तळहात मांडीवर उताणा पडला होता आणि त्यावर ती ओळ पुन्हा निघत होती, सावकाश, बावीस वर्षांपूर्वीची. या वेळी तिने सवयीने वाचलं नाही. 'पत्र वाचणारीस आशीर्वाद.' आई भ्रमात नव्हती. आपल्याला मिळालेलं एवढंच काय ते, लेकीच्या हातावर ठेवून गेली होती. आणि लेकीने 'रा' वाचला होता.

"ठेव तुका," गंगुबाई म्हणाली. "माझा न्हय ता."

त्यानंतर राजलक्ष्मी झपाट्याने कामाला लागली. सगळ्या 'रा' च्या 'री' केल्या, पूर्ण प्रत मंडळात दिली. मार्च उजाडला तसे चिंतामणराव धावत आले.

"हा आशीर्वाद फार सुंदर हो! पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकाला बुवांचा आशीर्वाद. ती चौथी पायरी म्हणजे साधनेची चौथी पायरी, त्यावर मी प्रस्तावनेत दोन पानं लिहिली आहेत. पण हे 'री' काय? पुरुषांनी वाचू नये की काय?"

"बुवांनी री लिहिलंय."

"लोक विचारतील, ही बाई कोण?"

"माझी आई."

चिंतामणरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग तर नकोच. तुमच्याच आईच्या नावाला बोल लागेल. एक वेलांटी काढायची, एक काना घालायचा. आहे काय त्यात?"

"माझी आई आहे त्यात."

"प्रत माझ्याकडे आहे, बाई. मी छापखान्यात सांगतो."

आणि पंचमीला मूळ पत्रं समुद्रात गेली की आई कुठेच उरणार नव्हती. गंगुबाईने दिलेल्या एका पत्राने काय सिद्ध होतं? राजलक्ष्मी त्या दिवशी जेवली नाही.

पुण्यतिथीला चार दिवस उरले असताना शेवटची प्रुफं आली. दोघं छापखान्यात गेली. चिंतामणरावांनी पान उचललं आणि ओरडलेच, "गुणाजी! अहो, सगळीकडे री! मी रा सांगितलं होतं ना?"

गुणाजीने हात पुसले. "काने संपले, साहेब."

"काने संपले म्हणजे?"

"समितीच्या पत्रकांत गेले. महाराष्ट्र म्हटलं की रा आलाच. दिवसाला पाच पाच पत्रकं निघतायत. सगळे जुळवलेल्या पानांत बांधून पडलेत."

"मग बाकीच्या पुस्तकात काने कुठून आले?"

"ते साधे. र ला लागतो तो काना वेगळा, बारीक." गुणाजीच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "पत्रकं सोडू का? महाराष्ट्र थांबवू म्हणता?"

सकाळीच समितीच्या सभेत घसा बसेपर्यंत घोषणा देऊन आलेल्या चिंतामणरावांनी पान खाली ठेवलं. "छापा," ते पुटपुटले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

राजलक्ष्मीने गुणाजीकडे पाहिलं. तो खिळे उचलायला लागला होता.

"लहानपणी मला खडीसाखर द्यायची छत्रीवाली," तो मान वर न करता म्हणाला. "जावा आता. ऊन होईल."

पंचमीला चौपाटीवर मंडळी ओळीने उभी राहिली, अर्थात न बोलता. पत्रांचं गाठोडं ओहोटीच्या पाण्यात गेलं, थोडं तरंगलं, शाई सुटली, पाण्यावर काळसर डाग पसरला आणि दिसेनासा झाला. राजलक्ष्मीच्या काखेत नवं कोरं पुस्तक होतं. डाव्या डोळ्यापुढे धुकं दाटलं होतं, पण तिने तो चोळला नाही.

तळहाताला स्पर्श झाला. आजूबाजूला हात लागेल इतक्या जवळ कुणी नव्हतं. तिने मूठ मिटली नाही. डोळे मिटून, हात उताणा धरून ती उभी राहिली, बोट पुरतं फिरेपर्यंत थांबली.

"री," ती म्हणाली, आणि ओळीतल्या सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.